मादी म्हणून ठेवलेला

सकाळी टाकीतला दिवा लावला आणि त्याचा हात बटणावरच राहिला. फिल्टरच्या मागे कोपऱ्यात कायम एकटी राहणारी ती मळकट पिवळी मादी आज पुढे काचेजवळ आली होती, आणि तिच्या पाठीवरच्या पराची कड निळी झाली होती. फार नाही. शाईच्या बाटलीचं झाकण लावताना बोटाला लागते तेवढीच. त्यानं आधी दिव्याला दोष दिला, मग काचेला, मग स्वतःच्या झोपेला. फडकं ओलं करून काच पुसली. निळं होतं तिथंच होतं. माशानं तोंड उघडलं, मिटलं आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. आता मासा काही माणसाकडे पाहत नसतो, दाण्यांच्या डबीकडे पाहतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वर्षानुवर्षं तोच त्यांना दाणे घालत आला होता. तरीही आपल्याला कुणीतरी ओळखलं असं त्याला वाटलं. डबी तशीच हातात धरून तो मागे सरला, तर स्टुलाला पाय लागून स्टूल पडलं. स्वयंपाकघरातून वहिनीनं विचारलं, काय झालं, भाऊजी? काही नाही, तो म्हणाला. आयुष्यात त्यानं सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य हेच असावं.

पण काही नाही कसं? टाकी दादाची, मासे दादाचे, आणि ती मादी आहे हेही दादानंच ठरवलेलं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, एका मोठ्या गोदामाचा मुख्य. त्याला जाऊन इतके थोडे दिवस झाले होते की दारातल्या त्याच्या चपला अजून कुणी हलवल्या नव्हत्या. जिना चढता चढता मधल्या वळणावर दम खायला म्हणून टेकला, तो उठलाच नाही. मागे राहिली दादाची बायको, राहिला हा, आणि राहिली ही भिंतभर टाकी. आफ्रिकेतल्या कुठल्याशा प्रचंड तळ्यातले हे मासे. सिक्लिड म्हणतात त्यांना. नर निळा, अंगावर काळे पट्टे. माद्या चिखलात लोळून आल्यासारख्या मळकट. टाकीत एकच निळा मिरवणार आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, असा त्यांचा कारभार. दादाच्या टाकीतल्या निळ्याला घरात साहेब म्हणत. पाहुणे आले की दादा खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचा, पाय स्टुलावर टाकायचा आणि व्याख्यान सुरू. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. नराच्या पोटाखालच्या परावर पिवळे ठिपके असतात, हुबेहूब अंड्यांसारखे. तिला वाटतं, ही राहिलीच की. ती उचलायला म्हणून ती तोंड पुढे नेते, आणि तोंडातल्या अंड्यांचं जे व्हायचं ते तिथंच होऊन जातं. "म्हणजे बघा," दादा म्हणायचा, "आपलं म्हणून सांभाळायला जाते आणि तिथंच फसते." पाहुणे खो खो हसायचे. तोही हसायचा. मागे दाराशी ट्रे घेऊन उभी असलेली वहिनी हसायची की नाही, हे त्यानं कधी वळून पाहिलं नव्हतं. पुढे ती मादी कित्येक दिवस तोंड मिटून राहते, हनुवटीखाली पिशवी आल्यासारखी फुगते, अन्नाचा कण घेत नाही. पिल्लं पोहण्याजोगी झाली की मगच तोंड उघडते. दादा याला 'तोंड धरणं' म्हणायचा. अमकीनं तोंड धरलं, तमकी आज धरेल. त्याला स्वतःला मूल नव्हतं आणि या विषयावर घरात कुणी ब्र काढत नसे; टाकीत पिल्लं झाली की मात्र दादा पेढे वाटल्याच्या थाटात शेजाऱ्यांना बोलावून आणायचा.

पिल्लं मोठी झाली की नर-मादी निवडायचा दिवस यायचा. लहानपणी सगळेच मळकट, रंगावरून काही कळत नाही. उलटं करूनच बघावं लागतं. हे काम दोघांचं. हात आधी ओला करायचा, नाहीतर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग मासा तळहातावर उताणा घ्यायचा आणि अंगठ्यानं त्याचे डोळे झाकायचे. डोळे झाकले की तडफड थांबते. मासा असा काही निपचित पडतो की मेला की काय वाटावं. धरायचं काम याचं. दादा भिंग घेऊन शेपटीकडच्या छिद्रांचे दोन बारीक ठिपके बघायचा: दोन्ही सारखे असले तर नर, मागचा मोठा आणि गोल असला तर मादी. नर, म्हणायचा, की मासा बादलीत. मादी म्हणाला की टाकीत. बादलीतले दुसऱ्या दिवशी दुकानात जात आणि तिथून पुढे त्यांचं काय होई ते विचारायचं नसे. त्या दिवशी हाच मासा त्याच्या हातावर उताणा होता. दादानं भिंग लावलं, डोळे बारीक केले. हल्ली त्याला जवळचं नीट दिसत नव्हतं, पण चष्मा बदला म्हणायची सोय नव्हती. मादी, दादा म्हणाला. यानं पाहिलं होतं, दोन्ही ठिपके सारखे होते. मोहरीच्या दाण्यांसारखे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. अंगठ्याखाली माशाचे डोळे होते, आणि त्याला वाटलं की मासा श्वास रोखून वाट बघतोय. तो मूग गिळून बसला. दादानं मादी म्हटलं की मादी, त्यात आणखी काय बघायचं? त्यानं हात पाण्यात सोडला. मासा क्षणभर तिथंच तरंगला आणि मग फिल्टरमागे गेला, तो आजवर तिथंच होता, सगळ्यांच्या शेवटी खात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची आठवण होऊन याला अधूनमधून बरं वाटायचं. घरात आपल्यासारखंच आणखी एक कुणीतरी आहे, असं काहीसं.

त्या दिवशी कामावर जाताना तो माशांच्या दुकानात डोकावला. दुकानदार पिंपातलं पाणी हलवत होता. साहेब मेला हे त्याला माहीत होतं. दादा गेल्यावर दोनतीन दिवसांतच साहेब टाकीबाहेर उडी मारून कपाटामागे वाळून सापडला होता. झाकण उघडं राहिलं होतं. दाणे घालून झाकण लावायचं काम कुणाचं होतं, हे दुकानदारानं विचारलं नव्हतं, वहिनीनंही नाही, आणि त्यानं स्वतःलाही अजून पुरतं विचारलेलं नव्हतं. एक मादी निळी पडतेय, तो म्हणाला. दुकानदार हसायलाच लागला. "मादी कसली, नरच तो. मोठा नर असला की हे दबून राहतात. रंग आत ओढून घेतात, माद्यांत मिसळून राहतात. मार वाचतो ना. आता मोठा गेला, आता बघा कसा फुलतो ते." आणि मग तुमच्या दादांच्या हातून चूक कशी काय झाली बुवा, असं म्हणून तो पुन्हा पाणी हलवायला लागला. हा तिथं उभाच राहिला. काचेच्या टाक्यांतून कितीतरी मळकट मासे त्याच्याकडे तोंडं करून होते, आणि त्यातले किती जण नुसते वाट बघतायत, या विचारानं त्याच्या अंगावर काटा आला.

तो पाण्याच्या मीटरांच्या तपासणीला होता. लांबलचक ओट्यावर मीटर ओळीनं जोडायचे, त्यातून मापाचं पाणी सोडायचं आणि प्रत्येकाचा काटा खरं बोलतो का ते बघायचं. खरं न बोलणारा मीटर पुन्हा जोडाऱ्याकडे जायचा. जोडारी वयानं मोठा आणि तोंडानं फटकळ. दरवेळी म्हणायचा, अहो, एवढ्या तेवढ्यानं काय होतंय, लावा शिक्का. आणि हा लावायचा. आज जोडारी नेहमीप्रमाणे ते म्हणाला आणि याच्या तोंडून निघालं, "खोल परत." घसा खाकरून, मान वर न करता. जोडारी बोलता बोलता थांबला. त्यानं मीटर उचलला आणि खोलायला बसला. हा पाण्याच्या आवाजात तसाच उभा. मागे दादा येऊन बोलून गेला असावा तसं त्याला वाटलं, आणि त्यानं खरंच मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत, तिच्यावर ओल. जेवणाच्या सुट्टीत कचेरीतल्या साहेबांनी बोलावून त्याचं मत विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. परतताना त्यानं मोरीतल्या आरशात पाहिलं. मान जरा भरल्यासारखी वाटली. कॉलरचं बटण लागत होतं, पण टोचत होतं. त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा बघायचं टाळलं.

दादाबद्दल वाईट बोलायला तो कधीच तयार नव्हता. दादानं त्याला शिकवलं, नोकरीला लावलं, घरात ठेवून घेतलं. आजारपणात रात्र रात्र बसला. दादाचं प्रेम होतंच त्याच्यावर; बारक्या म्हणायचा, चारचौघांत पाठीवर थाप मारायचा. एकदा एक दूरची मावशी याच्यासाठी स्थळ घेऊन आली होती. मुलगी शिवणकाम करायची. तिचा फोटो टेबलावर होता, आणि यानं तो वर्तमानपत्राच्या आडून इतक्यांदा पाहिला होता की डाव्या भुवईवरचा तीळ त्याला पाठ झाला होता. दादानं फोटो उचलला, बघितला, मावशीला म्हणाला, "ह्याला काय करायचीय बायको? हा आपला आहे तसाच बरा. काय रे बारक्या?" आणि थाप मारली. बारक्या हसला. मावशीही हसली, फोटो पर्समध्ये गेला, विषय संपला. त्याला राग आला नव्हता हीच गंमत. उलट, उताणं धरून डोळ्यांवर कुणीतरी गरम अंगठा ठेवावा तसं शांत वाटलं होतं. राग आता येत होता. इतक्या वर्षांनी, जिना चढताना, दात घासताना, मीटरचा काटा फिरताना, आणि तो दादावर आहे की मावशीवर की स्वतःवर हे त्याला समजत नव्हतं.

वहिनीची गोष्ट आणखी वेगळी. लग्नाआधी ती दातांच्या कवळ्या करायला शिकली होती. तोंडाचा साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, आणि मग कानशीनं घासून असा करायचा की माणसानं हसलं तर घरच्यांनाही फरक कळू नये. तिचा हात चांगला होता. लग्नानंतर दादानं एकदाच सांगितलं, घरात परक्या माणसांचे दात नकोत, आणि तिची हत्यारं माळ्यावर गेली. तिच्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीनं दुसऱ्या गावात स्वतःचा कारखाना काढला आणि वहिनीला बोलावलं. तेव्हा दादा टाकीसमोर बसला होता. वहिनीनं विचारलं. नको, दादा म्हणाला, आणि पुन्हा टाकीकडे वळला. एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्यानंतर वहिनी स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभी होती, आणि हा पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेला. हळूच म्हणाला, "माझ्या हातात असतं ना वहिनी, तर मी जा म्हटलं असतं." तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. इतकं सरळ त्याच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मला माहितीय, भाऊजी, ती म्हणाली. त्या तीन शब्दांवर त्यानं पुढली कितीतरी वर्षं काढली. आपण चांगले आहोत, नुसतं आपल्या हातात काही नाही, हा त्याच्या मनातला ठेवाच होता.

आता मैत्रिणीनं पुन्हा बोलावलं होतं. सोमवारपर्यंत ये, नाहीतर मला दुसरीला घ्यावं लागेल, असं तिनं स्पष्टच कळवलं होतं. वहिनीला खरं तर कुणाची परवानगी लागत नव्हती. पण जिनं इतकी वर्षं गॅसच्या गाडीवाल्याला हाक मारतानाही घरात विचारलं, ती विचारणारच. ती अजून नीट विचारत नव्हती. जेवताना म्हणायची, सोमवार जवळ आला, नाही? तो म्हणायचा, हो, आला. दोघंही ताटाकडे बघायचे. जा म्हणायचं त्याच्या जिभेवर तयार होतं. एवढासा शब्द, तो म्हणायला असा कितीसा वेळ लागतो?

आणि मग रेडिओचं लक्षात आलं. वहिनीला घरात एकटी असताना रेडिओ लावायची सवय होती. दादाची किल्ली दारात फिरली की तो बंद व्हायचा. हा आला तर चालूच राहायचा, एवढंच काय, ती आवाज वाढवून विचारायची, हे गाणं आठवतं का, भाऊजी? एका संध्याकाळी तो जिना चढत होता, वरून गाण्याचा आवाज येत होता. त्यानं दाराला किल्ली लावली, आणि आत गाणं तुटलं. मधेच, ओळ पुरी न होता. तो किल्ली तशीच धरून दाराबाहेर उभा राहिला. आत पावलं स्वयंपाकघराकडे गेली, भांडं वाजलं. त्याला वाटलं, आत दादा आलाय. मग वाटलं, आपल्या मागे दादा उभाय. मग जे वाटलं ते त्यानं मनातल्या मनातही पुरं होऊ दिलं नाही. आत जाऊन त्यानं म्हणायला हवं होतं, असू द्या की रेडिओ. तो म्हणाला नाही. घर शांत होतं, पंपाचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते, आणि ती शांतता त्याला आवडली. वहिनीनं चहा दिला तो दादाच्या कपात. रोजचा त्याचा कान तुटलेला कप फळीवर होता, धुऊन उपडा घातलेला. त्यानं दादाच्या कपातून चहा प्यायला. चहा चांगला झाला होता.

मासा आता ओळखू येत नव्हता. निळाई कडेवरून पाठीवर, पाठीवरून पोटावर उतरत गेली, पट्टे उमटले. फिल्टरमागचा कोपरा सोडून त्यानं मधला मोठा दगड बळकावला आणि जवळ येईल त्याच्यावर तो धावून जाऊ लागला. एका थोराड मादीला त्यानं दगडाच्या खाचेत नेलं, तिच्याभोवती थरथरत फिरला, आणि त्या दिवसापासून तिनं तोंड धरलं. हा रोज खुर्ची घेऊन बघत बसायचा. पहिल्यांदा भीतीनं, आता साहेबाचं भूत दिसेल या भीतीनं, आणि मग नुसता. तासन्‌तास. निळा त्या मादीला सुखानं राहू देत नव्हता. तिच्या शेपटीचे लचके तोडायचा, वरच्या कोपऱ्यात हवेच्या नळीला चिकटून ती उभी राहायची, हनुवटी फुगलेली, डोळे न हलणारे. वहिनी एकदा पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. तिला वेगळं काढू या का, भाऊजी? नाहीतर तो मारून टाकेल, नाहीतर ती घाबरून सगळं गिळून टाकेल. छोटी टाकी माळ्यावरून मी काढून देते. तिच्या बोलण्यात नेहमीपेक्षा जरा जास्त जोर होता. "उद्या बघू," तो म्हणाला. उद्या आला आणि गेला. त्याला मादीची दया येत होती, अगदी मनापासून येत होती. पण तिला बाहेर काढलं तर बघायला काय राहणार, असाही एक विचार त्याच्या मनात आला, आणि तो विचार कुणाचा आहे ते बघायला त्यानं आजूबाजूला पाहिलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा काहीतरी मागायला आले आणि दारातच दचकले. पाठमोरे अगदी दादाच वाटलात हो, म्हणाले. तो हसला. त्यानं स्वतःला समजावलं की हे सगळं दादाचं आहे. खाकरणं दादाचं, मान दादाची, शांतता दादाची. माणूस एवढा मोठा होता, तो असा एकदम कसा जाईल? तो घरात भरून राहिलाय आणि जिथं जागा मिळेल तिथं शिरतोय. आपल्यात भरपूर जागा होती. ही कल्पना भयंकर होती, पण तिच्यात एक सोय होती. सोमवारच्या आत जा म्हटलं की ती संपणार होती. जा म्हटलं की दादा हरला, बारक्या परत आला. रविवारी कामाला सुट्टी, वहिनीची गाडी त्याच संध्याकाळी. म्हणजे रविवारीच म्हणायचं. दाढी करताना, पाणी बदलताना, त्यानं तो शब्द घोळवून घोळवून गुळगुळीत केला.

रविवारी सकाळी त्यानं दाणे टाकले आणि ती थोराड मादी सगळ्यांच्या आधी वर आली. हनुवटी सपाट. तोंड उघडून तिनं दाणे घेतले, पुन्हा घेतले, अधाशासारखी. म्हणजे सगळं गिळून बसली होती. पिल्लं व्हायला अजून कितीतरी दिवस होते. निळा खाली दगडावर मजेत होता. हा काचेला कपाळ लावून उभा राहिला. त्याला फार वाईट वाटलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय म्हणजे आपण अजून आपणच आहोत, याचा त्याला धीर आला.

संध्याकाळी वहिनी तयार होऊन बाहेर आली. बॅग दाराशी होती. वर कापडात बांधलेली तिची हत्यारं, माळ्यावरून कधी काढली कुणास ठाऊक. केस नीट विंचरलेले, पायात चपला. तो टाकीसमोर बसला होता. ती नेहमीच्या जागी, खुर्चीच्या थोडी मागे येऊन थांबली. काचेत तिचं प्रतिबिंब होतं, त्यातून मासे इकडून तिकडे जात होते.

"भाऊजी, मी निघू ना?"

आता दादा बोलेल, असं त्याला वाटलं. त्यानं वाट पाहिली. घशात ते खाकरणं येईल, मान ताठेल, नको म्हणून तो आवाज फुटेल, आणि आपण आत कुठंतरी अंगठ्याखाली गप पडून ऐकत राहू. त्यासाठी त्यानं दात घट्ट मिटून घेतले, जीव खाऊन. काहीच आलं नाही. आत कुणी नव्हतं. जिकडे तिकडे नुसती शांतता होती आणि तिच्यात तो एकटाच होता, आणि तो बोलायला लागला तेव्हा तो आवाज इतका त्याचा स्वतःचा होता, मऊ, जरासा ओशाळा, जन्मभर काही नाही म्हणत आलेला, की तो ऐकून त्यालाच दचकायला झालं.

"जा की. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त ही पिल्लं तेवढी होऊ द्या. ती तोंड धरून आहे, मला एकट्याला जमायचं नाही. मग बघू."

दादा नको म्हणायचा. त्या 'नको'शी भांडता तरी आलं असतं. वहिनीनं टाकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. नळ सोडून उभी होती त्या दिवशीसारखंच सरळ.

"ती सकाळी खात होती, भाऊजी. मी पाहिलं."

आता म्हणायचं, हो, मी खोटं बोललो, गाडी चुकेल, निघा. ते म्हणायला त्याला कुणीही अडवत नव्हतं, आणि हेच सगळ्यांत भयंकर होतं.

"ती नाही तर दुसरी धरेल," तो म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला.

काचेतलं तिचं प्रतिबिंब तिथून गेलं. तो वळला नाही. बॅग उचलल्याचा आवाज आला आणि त्यानं श्वास रोखला. त्याला मनापासून वाटत होतं की तिनं जावं. दार उघडावं, आपल्या तोंडावर धाडकन आपटावं, जिना उतरावा, आपल्याला न विचारता. तिनं एवढं केलं तर आपण वाचलो. तो देवाला हात जोडावेत तसे गुडघ्यांवर हात जोडून बसला होता. पावलं दाराशी थांबली. खूप वेळ थांबली, किंवा त्याला तसं वाटलं. मग ती आतल्या खोलीकडे गेली, कपाटाचं दार उघडलं, आणि एकेक कपडा परत फळीवर ठेवल्याचा आवाज येऊ लागला, सावकाश, घड्या न मोडता. त्याला इतकं बरं वाटलं, इतकं गाढ बरं वाटलं, की तो उठून तिला थांबवायला गेला नाही.